धंदेवाल्यांची पंगत आणि एक पाहुणा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात धंदा करणाऱ्याला ओळखी वाढवायची गरज काय, असं मला खूप जण विचारतात. खरंच आहे, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. कापसातली सरकी काढणारा जिनिंगवाला, डाळ मिलवाला, कृषी केंद्रवाला, अडत्या, ट्रान्सपोर्टवाला, सगळे एकाच बाजार समितीच्या यार्डात दिसतात, एकाच लग्नाच्या मांडवात भेटतात, एकाच वजनकाट्यावर रांगेत उभे राहतात. पण भेटून बोलतात काय? "काय म्हणता भाऊ, कसं सुरू आहे?" "मस्त, एकदम मस्त." आणि त्या मस्तवाल्याचे चाळीस लाख कोणाकडे तरी अडकलेले असतात, बँकेची लिमिट भरलेली असते, रात्री झोप लागत नसते. ओळखी भरपूर आहेत पण खरं बोलायला जागा नाही, आणि आम्ही जो लंच सुरू केला तो त्या जागेसाठी केला.

माझी डाळ मिल आहे, छोटी, तुरीची. सासऱ्यांनी सुरू केलेली, आता मी बघते. नागपूर-अमरावतीकडे मोठ्या हॉटेलात असे लंच होतात, एक पाहुणा बोलतो, उद्योगपती ऐकतात, कार्ड देवाणघेवाण होते. वाईट नाही ते, मीही जाते. पण तिथं आपल्या तालुक्यातला माणूस मागच्या टेबलावर बसतो आणि न बोलता परत येतो. म्हणून म्हटलं पाहुण्यालाच इकडं आणू. समृद्धीवरून कारंज्याला उतरलं की दारव्हा काही लांब नाही, आणि रेल्वेनं येणाऱ्याला धामणगावला गाडी पाठवता येते. पूर्वी आमच्याकडे शकुंतला रेल्वे होती, यवतमाळ-मूर्तिजापूर, तिनं इथला कापूस विलायतेपर्यंत जायचा, आता ती बंद पडली तरी माणसं यायचा रस्ता आहे.

पद्धत साधी आहे. पंधरा ते वीस माणसं, त्याच्यावर नाही, कारण वीसच्या वर गेलं की लोक दोन-तीन घोळक्यांत वाटले जातात आणि लाजरा माणूस गप्प बसतो. वार रविवार, कारण त्या दिवशी यार्ड बंद. वेळ सकाळी साडेदहा, पाहुणा वीस-पंचवीस मिनिटं बोलणार, जेवणाच्या आधी, जेवणानंतर नाही. आपल्याकडचं ऊन आणि वरण-भात पोटात गेल्यावर कोणीही ऐकत नाही, पाहुणा कितीही मोठा असू द्या. मग पंगत, आणि पंगतीत बसल्या बसल्याच प्रश्न सुरू होतात, ते चार वाजेपर्यंत चालतात. जागा दर वेळी बदलते, कधी कोणाची जिनिंग, कधी कोणाचं गोदाम, कधी शेतातला गोठा झाडून सतरंज्या टाकायच्या. ही फिरती पद्धत काही आमची नवी नाही, १९०५ साली शिकागोत रोटरी सुरू झाली तेव्हा मेंबर लोक आळीपाळीनं एकमेकांच्या ऑफिसात जमायचे, रोटरी हे नावच त्यावरून पडलं. पण जागा बदलण्याचा फायदा मला इथं प्रत्यक्ष दिसून राहिला. माणूस स्वतःच्या मिलमध्ये यजमान असला की त्याची मशिनरी, त्याचा माल, त्याचे मजूर सगळ्यांना दिसतात, मग लपवायला फार काही उरत नाही आणि बोलणं आपोआप खऱ्यावर येतं.

दुपारचं जेवणच का, रात्रीचं का नाही, हे मला जरा जोर देऊन सांगायचं आहे. आपल्याकडे धंद्याची खरी ओळख कुठे होते? संध्याकाळी, ढाब्यावर, "बसायला" गेल्यावर. सौदे तिथं होतात, कोण अडचणीत आहे ते तिथं कळतं, बँकेचा नवा साहेब कसा आहे ते तिथं कळतं. आता सांगा, तिथं एखादी बाई जाणार आहे का? जो माळकरी आहे, पीत नाही, तो जाणार आहे का? ज्याला पंचवीस किलोमीटरवर खेड्यात परत जायचं आहे तो? म्हणजे अर्धी धंदेवाली माणसं बाहेरच राहतात आणि त्यांना वाटत राहतं की आपल्यालाच काही कळत नाही. रविवारी दुपारी सगळे येऊ शकतात. आमच्या पंगतीत पापड-मसाल्याचा उद्योग करणाऱ्या दोन ताया आहेत, एक रोपवाटिकावाली आहे, एका शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आहे, आणि सगळ्यात टोकदार प्रश्न हेच लोक विचारतात.

आता पाहुण्याबद्दल. पाहुणा कोण बोलवावा यावर आमच्यात सुरुवातीला बरंच बोलणं झालं. काहींना मोटिव्हेशनल स्पीकर पाहिजे होता. मी स्पष्ट सांगितलं की आपल्या माणसाला जिद्द शिकवायची गरज नाही, जो माणूस कोरडवाहू भागात, दर दोन वर्षांनी पावसानं दगा दिल्यावर, परत मिल सुरू करतो त्याला जिद्द माहीत आहे. त्याला जे माहीत नाही ते सांगणारा पाहिजे. म्हणजे ज्याच्या हातून रोज ते काम होतं असा, मग तो प्रसिद्ध नसला तरी चालेल. नसलेलाच बरा.

आमचा मला सगळ्यात आवडलेला पाहुणा म्हणजे एक इन्शुरन्स सर्व्हेयर. आग लागल्यावर नुकसान मोजायला येतो तो. जिनिंगवाल्यांना तर आगीची भीती रोजची, रुई उघड्यावर पडलेली, मशीनमध्ये एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला की ठिणगी, आणि मग काय उरतं. पॉलिसी सगळ्यांकडे असते, तिच्याशिवाय बँक लोनच देत नाही. पण त्या भल्या माणसानं एकच हिशोब सांगितला आणि सगळे ताठ होऊन बसले. समजा गोदामात दोन कोटीचा माल आहे, तुम्ही प्रीमियम वाचवायला पॉलिसी एक कोटीची काढली, आणि आग लागून नुकसान झालं चाळीस लाखाचं. आपल्याला वाटतं एक कोटीची पॉलिसी आहे ना, चाळीस लाख तर सहज मिळतील. नाही मिळत. माल अर्ध्याच किमतीचा विमा केलेला, म्हणून क्लेम पण अर्धा, वीस लाख. याला ॲव्हरेज म्हणतात आणि ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. १ एप्रिल २०२१ पासून एका जागी पाच कोटीपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा म्हणून पॉलिसी आहे, तिच्यात किंमत पंधरा टक्क्यांपर्यंत कमी दाखवली गेली असेल तर ती माफ आहे, कापत नाहीत, पण त्याच्यापुढे गेलं की कापतात. आणि आपल्याकडे सीझनमध्ये माल किती वाढतो बघा, दिवाळीला गोदाम रिकामं, डिसेंबर-जानेवारीत गंजीच्या गंजी, पॉलिसी मात्र वर्षभर त्याच आकड्याची. ज्यांचा माल असा वरखाली होतो त्यांच्यासाठी डिक्लेरेशन पॉलिसी वेगळी असते, त्यात वेळोवेळी माल किती ते कळवायचं, हे त्या दिवशी अर्ध्या लोकांना पहिल्यांदा कळलं. एक जिनिंगवाले काका, वयानं सगळ्यात मोठे, पंगतीत हात तसाच ठेवून म्हणाले, "साहेब, म्हणजे मी तेवीस वर्षं अर्ध्याचाच विमा भरून राहिलो?" सर्व्हेयर म्हणाला, "काका, आग नाही लागली हे नशीब, आता सोमवारी बदलून घ्या." कोणी हसलं नाही, कारण प्रत्येक जण मनात आपला आकडा मोजत होता.

असं ज्ञान पैसे देऊन मिळत नाही हो. म्हणजे मिळेल, पण कोणाकडे मागायचं तेच माहीत नसतं.

दुसरा असाच एक पाहुणा डाळीच्या आयातीतला दलाल होता, मुंबईचा. आम्ही डाळ मिलवाले अकोल्याचा भाव बघून चालतो, अकोला हलला की आम्ही हलतो. त्यानं नकाशा काढून दाखवलं की अकोला का हलतो. आफ्रिकेची तूर, मोझांबिककडची, व्यापारात जिला गजरी म्हणतात, ती तिकडं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघते आणि आपली नवी तूर बाजारात यायच्या आधीच बंदरात पोचते. बर्मावाली, म्हणजे म्यानमारची, लेमन नावाची तूर जानेवारीनंतर निघते, म्हणजे नेमकी आपल्या आवकेच्या वेळी. सरकारनं २०२१ मध्ये तूर आयात मोकळी केली, मोझांबिकशी वर्षाला दोन लाख टनाचा आणि म्यानमारशी एक लाख टन तुरीचा करार केला. हे सगळं पेपरात तुकड्या-तुकड्यात आलेलं असतं, पण जहाजाचं कॅलेंडर आणि आपल्या मळणीचं कॅलेंडर एका कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवणारा कोणी भेटला नव्हता. शेतकरी कंपनीचा जो संचालक होता तो सगळ्यात जास्त अस्वस्थ झाला आणि बरोबर आहे त्याचं, २०२५-२६ ला तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर, आणि बंदरातला माल त्याच्या खाली असला तर मिलवाला काय करणार आणि शेतकरी काय करणार, हा प्रश्न तिथं एका पंगतीत बसून दोघांनी एकमेकांना विचारला. उत्तर काही निघालं नाही. पण एरवी हे दोघं यार्डात फक्त ओलावा आणि काडीकचऱ्यावरून भांडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथलं इथंच. आमचा हा एकच कडक नियम आहे. लंडनच्या चॅटम हाऊस नावाच्या संस्थेत १९२७ पासून असा नियम आहे की बैठकीत जे ऐकलं ते कामात वापरा, पण कोण बोललं, तो कुठला, हे बाहेर सांगायचं नाही. आम्ही तोच घेतला, फक्त त्यात व्हॉट्सॲप स्टेटस जोडलं. फोटो नाही, स्टेटस नाही, ग्रुपवर "आज अमक्या साहेबांचं बहुमोल मार्गदर्शन लाभले" नाही. लोकांना हे खूप जड जातं, मोठा पाहुणा आला आणि फोटो नाही म्हणजे काय? पण विचार करा ना. मोठ्या शहरात एखादा म्हणाला की माझं पेमेंट अडकलं, तर त्याचं काही बिघडत नाही, ऐकणारा त्याला पुन्हा भेटतही नाही. आपल्या गावात एखाद्या व्यापाऱ्याचं पेमेंट अडकलं ही बातमी दुपारी निघाली की संध्याकाळपर्यंत खेड्यात पोचते, दुसऱ्या दिवशी शेतकरी त्याच्याकडे माल टाकत नाही, तिसऱ्या दिवशी बँकेतून फोन येतो, आणि जो नुसता अडचणीत होता तो बुडतो. म्हणून लोक "मस्त, मस्त" म्हणतात. ते खोटारडे नाहीत, त्यांना बोलणं परवडत नाही. त्यांना ते परवडावं एवढ्यासाठीच हे दार बंद ठेवायचं असतं.

आणि दार बंद ठेवल्यावर काय होतं ते सांगते. मसाल्यावाल्या एका ताईनं तिसऱ्या की चौथ्या पंगतीत सांगितलं की तिचं एका मोठ्या दुकानसाखळीकडे चार महिन्यांचं बिल थकलेलं आहे, आणि ती विचारायला घाबरते कारण ऑर्डर जाईल. त्या दिवशी पाहुणा सीए होता. त्यानं तिला विचारलं, ताई उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची छोट्या उद्योगाची नोंद, आहे का? होती, तिनं पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या सरकारी योजनेतून लोन घेतलेलं, ३५ टक्के सबसिडीवालं, तेव्हाच केलेली. मग त्यानं समजावलं की २००६ च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या, कायद्यानं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. आणि आयकरातही आता नियम आला आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ती मुदत उलटून मार्चअखेरपर्यंतही नाही चुकवलं तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, त्याचाच टॅक्स वाढतो. तर तिनं भांडायचं नाही, फक्त बिलावर उद्यम नंबर टाकायचा, मुदतीची तारीख टाकायची, आणि मार्चच्या आधी एक सभ्य मेल त्यांच्या अकाउंट्सवाल्याला करायचा. तिनं केलं. पैसे आले, सगळे नाही, पण बरेच आले, आणि ऑर्डर गेली नाही. सीएनं एक गोष्ट बजावून सांगितली ती इथं पण लिहिते, हे बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला लागू आहे, नुसत्या व्यापाऱ्याला उद्यम नंबर असला तरी हे संरक्षण नाही. आमचे दोन अडते मित्र त्यामुळे नाराज झाले, पण खरं ते खरं.

दार बंद आहे म्हटल्यावर दुसरी एक जबाबदारी येते. एका गावातले खरेदीदार बंद दाराआड जेवतात म्हटलं की शेतकऱ्याला काय वाटणार? हेच की भाव पाडायला बसले. आणि त्याचं वाटणं चूक नाही, असं कुठंच होत नाही असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून पंगतीत कापसाचा, सोयाबीनचा, तुरीचा आपला खरेदीभाव हा विषय पूर्ण बंद. उद्या काय भावानं घेणार, कोण किती देणार, कोणत्या खेड्यात कोण जाणार, एक शब्द नाही. कोणी काढलाच तर यजमान उठून थांबवतो, पाहुण्यासमोर थांबवतो, मान राखायच्या भानगडीत पडत नाही. कायद्यानं पण याला बंदी आहे, २००२ च्या स्पर्धा कायद्यात एकमेकांचे स्पर्धक मिळून भाव ठरवत असतील तर नफ्याच्या तिप्पट नाहीतर उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड आहे, तोही जितकी वर्षं चाललं तितक्या प्रत्येक वर्षाचा. पण मला कायद्यापेक्षा दुसरं वाटतं. ज्या शेतकऱ्याच्या तुरीवर माझी मिल चालते त्याच्या पाठीमागं मी जेवायला बसून त्याचा भाव ठरवला तर मला त्या घराचं अन्न पचणार नाही. शेतकरी कंपनीचा माणूस दर पंगतीला असलाच पाहिजे हा माझाच आग्रह होता, आणि तो असेपर्यंतच मी या पंगतीत राहीन असं मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगते. हारतुरे नाहीत, शाल-श्रीफळ नाही, दीपप्रज्वलन नाही, प्रास्ताविक नाही, कारण आपल्याकडे त्यातच पाऊण तास जातो आणि पाहुणा बोलायला उभा राहतो तोवर आचारी विचारायला येतो की वाढू का. पुढाऱ्याला निमंत्रण नाही, कोणत्याच पक्षाच्या. स्पॉन्सर नाही, बी-बियाण्याच्या आणि कीटकनाशकाच्या लोकांनी खूपदा विचारलं की आम्ही जेवण देतो, फक्त बॅनर लावू द्या, पण जेवण त्यांचं झालं की विषय पण त्यांचा होतो. खर्च सगळे वाटून घेतो, पाहुण्याला गाडीभाडं आणि मुक्काम असेल तर मुक्काम, मानधन आजवर कोणी मागितलं नाही. निघताना यजमानाच्या घरचं काहीतरी बांधून देतो, डाळ, गूळ, संत्र्याच्या दिवसात संत्री.

जेवण मात्र भारी करायचं, त्यात कसर नाही. थंडीत रोडगे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, वांग्याची भाजी, वरण, वरून तूप, मिरचीचा ठेचा. उन्हाळ्यात पाटवडी रस्सा, ज्वारीची भाकर, कढी, कैरीचं पन्हं. मुंबईवाल्या पाहुण्यानं रोडगा सुरीनं कापायला मागितला तेव्हा काकांनी त्याच्या पानातला हातानं कुस्करून दिला आणि त्यानंतर तो माणूस जे मोकळं बोलला ते आधीच्या पंचवीस मिनिटांत नव्हतं बोलला. सगळे खाली एका ओळीत बसतात, गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची. पाहुण्याचा ड्रायव्हर त्याच ओळीत, यजमानाचा मुनीम त्याच ओळीत, हमाल असतील तर ते पण. याच्यावर एकदा एकानं जरा कुरकुर केली होती. त्याला आमच्यातल्याच एकानं आठवण करून दिली की शेजारच्या वर्ध्यात जमनालाल बजाजांनी, ते पण व्यापारीच होते, १९२८ साली आपलं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडलं, आणि त्यांच्या बजाजवाडीत देशभरातले पाहुणे उतरायचे. विदर्भातला व्यापारी म्हणून आपल्याला हे असे मोठे पूर्वज आहेत, मग ओळ कशाला मोडायची? त्यानं मान डोलवली आणि मुनीमजींच्या शेजारी जाऊन बसला.

पंगत संपल्यावर लिहून काय ठेवतो? फक्त एक पान. कोणाचं नाव नाही, आकडा नाही, नुसती कामं. कोणी पॉलिसी बदलायची, कोणी वकिलाला भेटायचं, कोणी दोघांनी मिळून एक गाडी नागपूरला पाठवायची. पुढच्या पंगतीला पहिली दहा मिनिटं त्या पानावर, झालं की नाही एवढंच.

पुढचा पाहुणा ठरवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. कापसाचा सीझन दसऱ्याच्या आसपास सुरू होतो, त्याच्या आधी जिनिंगवाल्यांसाठी कोणीतरी आणायचं आहे, कारण २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं गेलं तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात एकच आहे, बाहेरची स्वच्छ गाठ स्वस्तात मिळत असेल तर आपली गाठ कोण घेणार. त्याला उत्तर भावात शोधण्यापेक्षा कचऱ्यात आणि ओलाव्यात शोधावं असं मला वाटतं. नागपूरला सिरकॉट या सरकारी कापूस संशोधन संस्थेचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथून निवृत्त झालेल्या एका साहेबांशी बोलणं सुरू आहे. त्यांनी अट घातली की मी भाषण देणार नाही, मला सरळ जिनिंगमध्ये घेऊन चला, मशीनसमोर उभा राहून बोलीन. काकांची जिनिंग ठरली आहे. रोडग्यांसाठी गोवऱ्या त्यांच्याकडे आधीच रचून ठेवल्या आहेत, फक्त दुपारी मशीन चालू करून दाखवायला चार मजूर रविवारी थांबतील का ते विचारायचं आहे, आणि थांबले तर त्यांची पण पानं त्याच ओळीत मांडायची.